काय ठेवायचं, ते आधी सांगा

फोटो स्टुडिओत लोक फक्त फोटो काढून घ्यायला येतात, असा बाहेरच्यांचा समज असतो. गुलमंडीच्या मागच्या गल्लीत आमचा स्टुडिओ आहे आणि तिथे बसून माझे केस पांढरे झाले, म्हणून सांगतो: बरेच लोक जुना फोटो घेऊन येतात आणि त्यातून कुणाला तरी घालवून मागतात. या कामाला आम्ही ‘उडवणे’ म्हणतो. "ह्याला उडवा," असं गिऱ्हाईक फोटोवर बोट ठेवून शांतपणे म्हणतं. बाकावर बसलेलं नवीन गिऱ्हाईक दचकतं आणि दाराच्या बाजूला सरकतं.

दिवाळी अंकासाठी धंद्यातलं काही लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा मला ते सोपं वाटलं. मला वाचायची सवय आहे. दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी पुस्तकच उघडतो. पण लिहायला बसलो की दर दोन ओळींनी रफिकभाई मध्ये येतो आणि मी खिडकीबाहेर बघत बसतो. त्यामुळे हे हळूहळू लिहून झालं आहे.

रफिकभाई माझा भागीदार. मी कॅमेऱ्याच्या मागे, तो टेबलाच्या मागे, अशी आमची वाटणी होती. फिल्मच्या काळात तो निगेटिव्हवर पेन्सिलीनं काम करायचा. पेन्सिलीचं टोक सुईसारखं, आणि हात असा की नवरीच्या गालावरचा फोड जायचा, पण गाल जागेवर राहायचा. पुढे कॉम्प्युटर आला, तर माझ्या आधी तोच शिकला. नको ती वस्तू कशी घालवतात, हे त्यानं मला एका वाक्यात समजावलं होतं: भिंतीवरची तार घालवायची असेल तर शेजारची भिंतच थोडी उचलायची, तारेवर ठेवायची आणि कडा मुरवायच्या. ऐकायला सोपं. मी केलं की भिंतीला ठिगळ लावल्यासारखं दिसायचं.

सगळ्यात जास्त काम हातांचं. माणूस गेला की घरच्यांना त्याचा एकट्याचा फोटो हवा असतो आणि तो नेमका नसतो. असतो तो कुणाच्या तरी लग्नातला, दुसऱ्या ओळीतला, आणि खांद्यावर कुणाचा तरी हात. माणूस कापून वेगळा काढता येतो, पण तो हात राहतो. हार घातलेल्या फ्रेममध्ये खांद्यावर चार परकी बोटं आलेली कुणाला चालत नाहीत. रफिकभाई ती बोटं घालवायचा आणि तिथे सदऱ्याच्या चुण्या तयार करायचा. एकदा एक बाई तो फोटो बघून म्हणाल्या, "सदरा त्याच लग्नातला हाय ना?" त्यावर तो दिवसभर खूश होता.

त्याची एक पद्धत होती. गिऱ्हाइकानं काय उडवायचं ते सांगायला सुरुवात केली की तो हात वर करायचा. "वो बाद में. पहले बोलो, क्या रखना है?" लोक गोंधळायचे. ज्याला उडवायचं तो तोंडपाठ असतो. काय ठेवायचं याचा विचार कुणी केलेला नसतो.

चितेगावचे एक पाटील लग्नाचा अल्बम घेऊन आले होते. बायकोच्या भावाशी, म्हणजे मेव्हण्याशी, बांधावरून बिनसलं होतं.

"मेव्हण्याला उडवा. समद्या फोटोतून."

"क्या रखना है, पाटीलसाब?"

"बाकी समदं ठेवा की. मेव्हणा सोडून."

रफिकभाईनं अल्बम चाळला. मेव्हणा सफारी सूट घालून प्रत्येक फोटोत बरोबर मध्ये उभा होता. एका फोटोत तर नवरीचा अर्धा चेहरा त्याच्या मागे होता.

"इसकू उड़ाया तो भाभी आधीच रहती," तो म्हणाला.

पाटलांनी बराच विचार केला. "अर्धी चालंल. पण ह्यो नको."

शेवटी मांडवातला केळीचा खांब उचलून मेव्हण्याच्या जागी लावला. तो अल्बम जगातला सर्वात जास्त केळी असलेला लग्नाचा अल्बम असावा. पुढच्या वर्षी दोघांचं मिटलं. मेव्हणा घरी आला, जेवला आणि जेवल्यावर त्यानं अल्बम मागितला. पाटील दुसऱ्या दिवशी धापा टाकत दुकानात.

"त्यो म्हणतो, मी कुठं हाय? मी म्हनलं, तुमी तवा जेवायला गेलते. तर म्हणतो, आठ पानं जेवतच होतो व्हय?"

रफिकभाई मूळ फोटो कधी फेकत नसे. ‘असली’ असं लिहिलेला त्याचा एक वेगळा डबा होता. त्यातून मेव्हणा परत आला. अल्बम न्यायला तो स्वतःच आला होता. स्वतःला बराच वेळ न्याहाळून म्हणाला, "आता परत आणलंच हाय तर पोट जरा कमी करा ना."

मागच्या वर्षी रफिकभाई गेला. फुप्फुसाचा आजार झाला होता. त्यानंतर ‘उडवायचं काम बंद आहे’ असं मी गिऱ्हाइकांना सांगायला लागलो. त्याच्या खुर्चीवर मी पार्सलं ठेवत होतो, म्हणजे ती रिकामी दिसत नसे.

माझी मुलगी अश्विनी वाळूजला एका कंपनीत हिशेब बघते आणि बजाजनगरला राहते. रविवारी येते. तिनं एकदा दोन गिऱ्हाइकं परत जाताना पाहिली.

"पप्पा, आता हे काम एआय करतं. वस्तूवर नुसतं बोट फिरवायचं, वस्तू गायब."

"आणि मागे काय येतं?"

"ते त्याचं ते भरतं."

"मनानं?"

"मनानंच. रफिककाका तरी काय करायचे?"

तरी मी दोन महिने टाळलं. मग शमीम भाभींचा निरोप आला आणि टाळता येईना.

शमीम भाभी म्हणजे रफिकभाईच्या पत्नी. त्यांचा मुलगा पुण्याला असतो. त्याला मुलगा झाला, आजोबा गेल्यावर झालेला. त्या दुकानात आल्या, पार्सलांच्या खुर्चीकडे बघितलं आणि उभ्यानंच म्हणाल्या, "प्रकाशभाई, पोता बड़ा होगा तो पूछेगा, दादा कैसे थे. उनका एक फोटो होना."

त्यांच्या घरात भिंतीवर फोटो लावत नाहीत. कपाटात ठेवायला एक हवा होता. आणि जन्मभर दुसऱ्यांचे चेहरे दुरुस्त करणाऱ्या माणसाचा स्वतःचा फोटो नव्हता. नातेवाइकांच्या लग्नात तो बिर्याणीच्या देगीमागे असायचा. मोबाइलमध्ये सापडला तर पाठमोरा. आधार कार्डावरचा फोटो होता, पण तो बघून भाभी म्हणाल्या, "ये नक्को. इसमें वो किसी और के घर के लगते."

माझ्याकडे एक होता. नवीन कॅमेरा आला त्या दुपारी सेटिंग तपासायला म्हणून मी पहिला फोटो त्याचाच घेतला होता. तो टेबलाशी बसलेला, चष्मा कपाळावर, डोळे हसरे. पण मी कॅमेरा उचलला तसा त्यानं पंजा वर केला आणि नाकापासून हनुवटीपर्यंतचा सगळा चेहरा त्या पंजामागे गेला. समोर स्टीलची ताटली, आणि ताटलीत पाकात निथळणारी, जिलबीसारखी इमरती.

इथे थोडं सांगायला हवं. रफिकभाईला साखरेचा आजार होता. घरी भाभींनी चहासुद्धा फिका केला होता. पण आठवड्यातून एकदा, शुक्रवारची नमाज आणि जेवण आटोपून तो दुकानात आला की, मी कोपऱ्यावरून गरम इमरती आणायचो. त्याबद्दल आमचं बोलणं कधीच झालं नव्हतं. मी आणायचो, तो टेबल पुसायचा. साखरेचा आणि त्याच्या जाण्याचा संबंध नाही, असं डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं होतं. मी दोनदा विचारलं होतं. तरीसुद्धा ती ताटली भाभींच्या हातात द्यायची माझी छाती नव्हती.

म्हणजे या फोटोतून दोन वस्तू जायला हव्या होत्या: चेहऱ्यावरचा पंजा आणि पुढ्यातली ताटली. मी अश्विनीला म्हटलं, "आण तुझी हत्यारं."

तिनं रविवारी चार-पाच आणली. लोकांना वाटतं, त्यातलं सगळ्यात हुशार असेल ते घ्यावं. आमच्या धंद्यात तसं चालत नाही. काही फुकटची होती, ती फोटोच्या कोपऱ्यात स्वतःचं नाव छापून देत. काही मोबाइलवर सुंदर दिसत, पण भिंतीवर लावायच्या आकारात छापलं की चेहऱ्यावर पीठ भुरभुरल्यासारखं व्हायचं. आणि बरीचशी आधी फोटो त्यांच्याकडे मागवून घेत. कुठे, ते अश्विनीलाही सांगता येईना. लोकांच्या घरातल्या बायका-मुलींचे फोटो रफिकभाईनं कधी पेन ड्राइव्हवरसुद्धा बाहेर जाऊ दिले नव्हते. ती सगळी बाद झाली. आपल्याच कॉम्प्युटरवर चालणारी दोन उरली.

त्यांची परीक्षा घ्यायला मी खरी कामं काढली. पहिलं, एका पैठणीवरून चहाचा कप घालवणे. पहिल्या हत्यारानं कप नीट घालवला आणि पदरावरच्या मोराचं बदक केलं. अश्विनी म्हणाली, "कुणाला कळतंय?" मी म्हटलं, "जिनं नेसली आहे तिला."

दुसरं काम दौलताबादचं. बजाजनगरच्या एका मुलाचे लग्नाआधीचे फोटो किल्ल्यापाशी घेतले होते. मागे सहलीला आलेल्या शाळेची सगळी पोरं. पहिल्या हत्याराला ती उडवायला सांगितली तर पोरं गेली, आणि त्यांच्याबरोबर मिनारही गेला. ती रिकामी जागा त्याला बोचली असावी. त्यानं तिथे समुद्र भरला. मुलाचे वडील तेव्हा दुकानातच होते. मी घाईनं पडदा झाकायला गेलो.

"ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "लई भारी. सोयऱ्याला वाटंल पोराला गोव्याला धाडलं."

दुसऱ्या हत्याराला एक खास बटण होतं: नको असलेली माणसं स्वतःच ओळखून काढतं. अश्विनीनं ते दाबलं. क्षणभर चक्र फिरलं. पोरं गेली, मिनार राहिला, आणि नवरदेव गेला. नवरी एकटीच लांब कुठेतरी बघत प्रसन्न हसत होती.

"पप्पा, ह्याला कळतंय बरं का," अश्विनी म्हणाली.

मुलाचे वडील मात्र गंभीर झाले. "हे पोरीच्या घरी दाखवू नका."

तरी तेच घ्यायचं ठरलं. बटण न वापरता, आपण हातानं दाखवू तेवढंच ते घालवत होतं, आणि मोराचा मोर ठेवत होतं. मग दुकान बंद करून आम्ही रफिकभाईचा फोटो उघडला.

ताटली एका फटक्यात गेली. टेबलाचं लाकूड असं आलं की रफिकभाईनंही मान डोलावली असती. मला हायसं वाटलं, हे खरं आहे.

पंजा घालवताना पंचाईत झाली. पंजामागे काय आहे, हे हत्याराला ठाऊक नव्हतं, पण ते कबूल करत नव्हतं. पहिल्यांदा त्यानं पंजाबरोबर रफिकभाईलाच घालवलं आणि छान रिकामी खुर्ची काढून दिली. मी अश्विनीला म्हटलं, "ही माझ्याकडे आहे." तिनं ते पुसून पुन्हा बोट फिरवलं. दुसऱ्यांदा मिशा आल्या, ज्या त्याला कधीच नव्हत्या. तिसऱ्यांदा चेहरा जवळपास आला, पण दात आले टूथपेस्टच्या जाहिरातीतले. रफिकभाईचा पुढचा एक दात पडलेला होता आणि उरलेले पानानं रंगलेले. तरी मी दोन फोटो छापले: दातांचा एक आणि पंजा तसाच ठेवून ताटली घालवलेला दुसरा. मूळ फोटोची प्रत सवयीनं पिशवीच्या तळाशी टाकली. ‘असली’चा डबा आता मी सांभाळतो.

भाभींचं घर रोशन गेटच्या बाजूला. त्यांनी चहा ठेवला, चष्मा पुसला आणि आधी दातांचा फोटो घेतला.

"ये कौन मियाँ हैं?"

"भाभी, मशीन ने..."

"अच्छे हैं. पर कौन हैं?"

मी तो परत घेतला आणि दुसरा दिला. तो त्यांनी खूप वेळ बघितला. चहा उतू जायला आला तशा उठल्या, गॅस बंद केला, परत येऊन बघत बसल्या.

"आँखें उन्हीं की हैं," त्या म्हणाल्या. मग थांबल्या. "पर नाराज क्यों हैं?"

"नाराज नहीं, भाभी. हँस रहे हैं."

"हँस रहे तो हाथ कायकू? ऐसा लगरा, बोलरे, चल हट, जा इधर से." त्यांनी फोटो हातभर लांब धरला. "पोता पूछेगा, दादा मेरेकु मना करे क्या? मैं क्या बोलूँ उसकू?"

खरंच तसं दिसत होतं. इतक्या वेळा बघूनही माझ्या ते लक्षात आलं नव्हतं. कारण मी बघताना ताटली नसली तरी मला दिसतच होती. ती गेली आणि तो पंजा नुसता नकार झाला. इतकं चांगलं लाकूड भरलं, पण त्या माणसाचं हसण्याचं कारणच मी घालवून आणलं होतं.

भाभींनी फोटो जवळ घेतला. पंजाच्या टोकाशी बोट नेलं.

"उँगलियाँ चमकरी."

मी चहा प्यायला लागलो. तो अजून माझ्यापर्यंत आलेला नव्हता, समोर मांडलेला रिकामा कपच मी तोंडाला लावला होता.

"चाशनी है ये," भाभी म्हणाल्या. "प्रकाशभाई, इसमें से क्या निकाले तुम?"

मी कप खाली ठेवला.

"इमरती?"

"आपको मालूम था?"

"जुमे का कुर्ता मैं धोती थी ना. जेब में रुमाल, और रुमाल में चींटियाँ. इत्ते साल. चींटियाँ क्या फीकी चाय कू आते?" त्या हसल्या नाहीत, पण रागावल्याही नव्हत्या. "मैं बोली, एक दिन खाते, खाने दो. छुपाके खाते तो एकच खाते. घर में दी होती तो किलोभर खाते."

मी पिशवीत हात घातला आणि तळाची मूळ प्रत काढून त्यांच्यापुढे ठेवली. तिच्यात रफिकभाईच्या तोंडात घास होता हे पंजा असूनही कळत होतं. पंजाच्या कडेनं गाल फुगलेला, डोळे पकडले गेल्याचे, समोर ताटली. भाभींना आधी हुंदका आला असं मला वाटलं. ते हसू होतं. पदरात तोंड लपवून त्या इतक्या हसल्या की शेजारच्या बाईंनी दारातून डोकावून बघितलं.

"येच," त्या म्हणाल्या. "येच होना. हाथ भी रहने दो."

इतके दिवस मी काय घालवायचं याच्याच मागे होतो. काय ठेवायचं, हे मी त्यांना विचारलंच नव्हतं. रफिकभाईच्या टेबलाशी बसून मी त्याचंच काम करत होतो आणि पहिला प्रश्नच विसरलो होतो. आता दुकानात हत्यार आहे, तारा आणि कचराकुंड्या ते उत्तम घालवतं. पण गिऱ्हाईक बोट टेकवायला लागलं की मी हात वर करतो. खुर्चीवरची पार्सलंही खाली घेतली आहेत. मी तिथे बसतो.

त्या दिवशी मी निघायला उठलो तेव्हा भाभी अजून फोटो बघत होत्या. एकदम त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"ठहरो. ये तो दो हैं."

ताटलीत दोन इमरत्या होत्या. एक अर्धी खाल्लेली, एक अखंड.

"एकच खाते थे बोली मैं सबकू," त्या म्हणाल्या. "बच्चे के सामने दो अच्छा नहीं लगता. एक निकालो इसमें से. होता ना तुम्हारे मशीन में?"

होत होतं. एका फटक्यात झालं असतं.

"भाभी," मी म्हणालो, "दूसरी मेरी थी."

त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला.

"तो रहने दो," त्या म्हणाल्या.